पाच अक्षरांची पेटी

"पाच अक्षरं. दुसरं ए, शेवटचं आर. एवढं इंग्रजी शिकलीस ना? मग काढ शब्द," असं म्हणत सासूबाईंनी लोखंडी पेटी शिलाई मशीनवर आणून आदळली.

सुनेने पाय थांबवला. खिडकीतलं ऊन नेमकं पेटीच्या कुलपावर पडलं होतं.

पेटी सासऱ्यांची. ते घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. कुलपाला किल्ली नव्हती, पाच कडी होती आणि प्रत्येक कड्यावर सगळी इंग्रजी मुळाक्षरं. शब्द जुळला की कुलूप सुटणार. बंद करताना सासरे न चुकता सगळी कडी पहिल्या अक्षरावर, ए वर, आणून ठेवायचे. दुसरं कडं तर ए वरच गंजून बसलं होतं, म्हणजे ते कधी हललंच नव्हतं. शेवटच्या कड्यावर आर तेवढा अंगठ्याने घासून चकाकत होता. बाकीच्यांचा काही पत्ता लागत नव्हता.

दुकानाच्या जागेचा कागद घरात कुठे मिळेना, तेव्हा तो पेटीतच असणार. सुनेचा नवरा म्हणाला, करवत आणतो आणि कापून मोकळा होतो. सासूबाईंनी त्याला तिथल्या तिथे झाडलं.

"बापाची वस्तू कापायला निघालाय शहाणा. रोज सकाळी ह्या पेटीची कटकट ऐकून माझे कान किटले, पण त्यांनी हिला कधी ओरखडा पडू दिला नाही. शनिवारपर्यंत कळ काढ. सूनबाई काढेल शब्द."

 सूनबाईला कागदाची पडलेली नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी, लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच, तिने आईला पत्र लिहिलं होतं. मला इथून घेऊन जा. मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात आहे, डोळे फुटायची वेळ आली. जेवायला सगळ्यांच्या मागून बसावं तर भांडी खरवडून ठेवलेली. आणि सासू म्हणजे बाई नव्हे, दोन पायांची कात्री. पत्र टाकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून सासऱ्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते हातात जरा तोललं आणि म्हणाले, "आठ दिवस माझ्या पेटीत राहू दे. नवव्या दिवशी सांगितलंस तर मी स्वतः टाकून येईन."

त्या आठ दिवसांत मशीन खिडकीशी आलं. कपाट ढकलताना सासूबाईंनी अख्ख्या घराचा उद्धार केला, त्या कोपऱ्यात आपल्यालाच झोपायला गारवा हवाय म्हणाल्या, पण मशीन आलं. सुनेचं ताट आधी वाढून झाकून ठेवलं जाऊ लागलं. तिने ओळखलं, सासऱ्यांनी पत्र वाचलं आणि एक शब्द न बोलता घर हलवलं. नववा दिवस आला नि गेला. पत्र परत मागायची तिला लाज वाटली, आणि मग राहिलं ते राहिलंच.

आता पेटी उघडली की ते नवऱ्याने मोठ्याने वाचायचं, आणि समोर सासूबाई बसलेल्या. बावीस वर्षं कुरकुरत का होईना, चाललेलं घर. एका कागदाने त्याची शिवण उसवणार.

शब्द तिला पहिल्याच दिवशी सापडला होता. दुकानात सासऱ्यांच्या डोक्यावर जन्मभर टांगलेल्या पाटीवर तो होता: वॉच मेकर. मेकर. पाच अक्षरं, दुसरं ए, शेवटचं आर.

तिने यादी केली. पेपर, वॉटर, बेकर, लेसर, पेजर, रडार. बत्तीस शब्द लिहिले आणि मेकर तेवढा गाळला. पेटी गुपचूप उघडायला घर काही रिकामं मिळेना.

नवरा रोज संध्याकाळी एकेक शब्द फिरवून बघायचा. सासूबाई शेजारी बसून यादीकडे डोळे बारीक करून पाहायच्या. चौथीपर्यंतच्या शाळेवर त्या आपल्या भाषेतलं वाचायच्या, तेही ओळीखाली बोट धरून; इंग्रजी म्हणजे त्यांना मुंग्यांची रांग.

"बत्तीस शब्द, आणि एकही कामाचा नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या मास्तरांना बोलावून घ्यायला हवं."

शनिवारी सकाळी नवरा करवत आणायला गेला. त्याच्या मागोमाग सासूबाईंनीही चपला घातल्या. शेजारी जाऊन येते म्हणाल्या, तासभर तरी लागेल.

पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत सून थांबली. मग तिने कडी फिरवली. कुलूप सुटलं. दुकानाचा कागद होता. डोळ्याला लावायचं भिंग होतं, दोन बारीक चिमटे होते. पत्र नव्हतं. तिने तळाचं फडकं उचललं, झटकलं, कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घातली. नव्हतं.

ती तिथेच फरशीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हसली. डोळ्यांतून पाणी कधी आलं ते तिचं तिला कळलं नाही. फाडून टाकलं असणार त्यांनी. देवमाणूस. तिने सगळं होतं तसं ठेवलं, कडी ए वर आणली आणि यादीच्या तळाशी तेहतिसावा शब्द लिहिला.

नवऱ्याला करवत लावावीच लागली नाही. "पाटीवरच होता की! आणि आपण आठवडाभर गाढवासारखे शोधतोय," म्हणत तो कागद घेऊन तसाच दुकानाकडे पळाला.

घरात दोघीच उरल्या. सुनेला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. तिने चहा टाकला, सासूबाईंच्या कपात आज साखरही चमचाभर जास्त घातली.

सासूबाईंनी पेटी मांडीवर घेतली, बंद केली, पाचही कडी ए वर आणली. मग चष्मा काढून बाजूला ठेवला आणि डोळे मिटले.

"बारा," त्या पुटपुटल्या, आणि पहिलं कडं कटकट करत बारा घरं फिरलं. दुसऱ्याला त्यांनी हातही लावला नाही. "दहा. चार. सतरा."

कुलूप सुटलं.

सुनेच्या हातातला कप बशीवर वाजला.

"तुझं अक्षर फार बारीक आहे, सूनबाई," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दोन पायांच्या कात्रीला वाचायला दोन दुपारी लागल्या."