अकरा कॅसेटी

मिनलनं तिसरी कॅसेट बाहेर काढून चौथी घातली. हेडफोनमध्ये तोच आवाज आला, एकसारखी बारीक खरखर. लॅपटॉपवरची आवाजाची रेघ सपाट राहिली.

गुरुवारची सुट्टी असल्यानं भोसरी एमआयडीसीत सामसूम होती. ज्ञानदेवच्या वर्कशॉपमधली ग्राइंडिंगची तिन्ही मशीनं ताडपत्रीखाली होती. तपासणीच्या टेबलावर मिनलनं गाणी लॅपटॉपवर उतरवून घ्यायला आणलेला टेपरेकॉर्डर, आणि शेजारी ‘तिसरी पाळी’ या बँडच्या अकरा कॅसेटी. बँडचा एकुलता एक अल्बम कधीच बाजारातून गेला होता. दुसरा निघालाच नाही. त्याची गाणी होती ती फक्त या कॅसेटींवर, तालमीत भरून ठेवलेली. एक्क्याण्णव साली गायक दौलतरावांनी त्या ज्ञानदेवकडे सांभाळायला दिल्या, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि त्यांचा एकही कार्यक्रम चुकवत नव्हता.

“झाली का चालू?” चहाचे ग्लास घेऊन येत ज्ञानदेवनं विचारलं. “बँडच्या चाहत्यांच्या ग्रुपवर लोकांनी जीव खाल्लाय. प्रितम म्हणतोय, दोन ओळी तरी टाका. रहाटणीचा तो पोरगा, संघर्ष, म्हणतो, काका, तुमच्या कॅसेटीच्या आधी निगडीला मेट्रो पोचंल.”

“काका, या तुम्ही शेवटच्या कधी वाजवल्या?”

“एकदाबी न्हाई. वाजवली की टेप झिजती. दादा म्हणाले होते सांभाळ, सांभाळल्या.”

“कुठं?”

“घरी, कपाटात, धोतराच्या कापडात गुंडाळून. तुम्ही येणार म्हटल्यावर मागच्या आठवड्यात इकडं आणल्या.” त्यानं ग्लास कॅसेटींपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवले. “दोन दिवस इथं राहिल्या, तर त्यांच्या स्क्रूच्या डोक्यांना लोखंडाची धूळ चिकटली. म्हटलं, च्यायला, मॅग्नेट आला. टेपला मॅग्नेट चालत न्हाई, एवढं कुणालाबी ठाऊक असतं. मग सगळ्या डीमॅग करून घेतल्या.”

मिनलनं हेडफोन गळ्यात उतरवले. कोपऱ्यात डीमॅगचं ते यंत्र होतं. लहानशा बोगद्यासारखी चौकट, आत तारेचं वेटोळं. ग्राइंडिंगच्या वेळी पार्ट चुंबकानं धरून ठेवतात. नंतर त्यात उरलेली चुंबकशक्ती घालवायला तो या बोगद्यातून काढतात. इथून बाहेर पडणारा प्रत्येक पार्ट त्यातूनच जात असे.

“कशा केल्या?”

“एकेक. घाई न्हाई केली. स्विच चालू ठेवून कॅसेट आतून काढायची, हळूहळू हातभर लांब न्यायची, मगच बंद करायचा. जवळ असताना बंद केला तर थोडं राहून जातं. पोरांना मी हेच शिकवतो.” त्यानं हाताचा पंजा पालथा करून दाखवला. “दोनदा काढल्या. सुलट्या अन् उलट्या.”

कॅसेटवरचं गाणं म्हणजे फितीवर राहिलेली चुंबकशक्ती. दुसरं काही नाही. मिनल गेली अठरा वर्षं हे कॉलेजातल्या मुलांना शिकवत होती. गाणं पुसण्याची याहून अचूक रीत तिला माहीत नव्हती.

“काका, जरा बसा,” ती म्हणाली.

तेवढ्यात शटरखालून वाकून दौलतराव आत आले. सत्तरीला टेकलेले, हातात कापडी पिशवी.

“काय ज्ञानू, बोलली का भुतं?”

ज्ञानदेवनं खुर्ची पुसून पुढं केली, चहाचा ग्लास हातात दिला आणि धुळीची, डीमॅगची सगळी हकीकत त्यांनाही सांगितली. दौलतरावांची तीस वर्षं एका कंपनीच्या तपासणी विभागात गेली होती. ग्लास ओठांशी नेता नेता त्यांचा हात थांबला. त्यांनी मिनलकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

“द्या बघू,” म्हणत त्यांनी हेडफोन मागितले.

तिनं बटण दाबलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. ज्ञानदेव समोर उभा राहून त्यांचा चेहरा पाहत होता. मग त्यानं हळूच मोबाइलवर त्यांचा फोटो काढला.

“ग्रुपवर टाकतो,” तो मिनलला कुजबुजत म्हणाला. “वेडे हुतील.”

दौलतरावांनी एक कान मोकळा केला.

“ज्ञानू, हे बाहेर काढायचं नाही.”

“म्हंजे?”

“वाईट वाजवलंय. मी तर फारच बेसूर. लोकांना तो एक अल्बम आठवतो ना, तोच आठवू दे.”

“दादा, चौतीस वर्षं झाली. दोनशे माणसं वाट बघत्यात.”

“त्यांना सांग, दौलत नाही म्हणाला. शिव्या मला देऊ देत.”

“दौलतराव, हे बरोबर नाही,” मिनल म्हणाली. “काकांना कळायला...”

“मॅडम, बँड माझा आहे.”

ज्ञानदेवनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. बाहेर एक रिकामा टेम्पो खडखडत गेला.

“एवढ्यासाठी सांभाळायला दिल्या व्हय?” तो म्हणाला. दौलतरावांनी नजर टेपरेकॉर्डरकडं वळवली. तेव्हा त्याचा आवाज उतरला. “बरं. न्हाई काढत. कुणाला ऐकवत न्हाई. ग्रुपवर मी बघतो काय सांगायचं ते.”

त्यानं दोन्ही हात पँटला पुसले आणि हेडफोनसाठी एक पुढं केला.

“पण मला एकट्याला एकदा ऐकू द्या. बेसूर तर बेसूर.”

टेप फिरत होती. दौलतरावांनी मोकळा केलेला कान पुन्हा झाकला आणि हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले.