शेवटचा किल्ला

थोरल्या नातीचं चर्चमध्ये कन्फर्मेशन झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात रेनाटे आणि तिचा नवरा ओटमार जर्मनीतल्या फ्रांकेन भागातल्या शेवटच्या किल्ल्यावर निघाले. बाकीचे सगळे किल्ले ओटमारने पायी केले होते आणि प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला आपल्या चालायच्या काठीवर ठोकला होता. जो किल्ला स्वतःच्या पायांनी चढला नाही, त्याचा बिल्ला ठोकायचा नाही, हा त्याचा नियम होता. काठीवर आता एकाच बिल्ल्यापुरती जागा उरली होती.

अर्ध्या चढावर तो बाकावर बसला.

"माझं झालं गं. तू जाऊन ये."

"आणि बिल्ला?"

"चढशील तू, तर माझ्या काठीला कसा लागेल?"

रेनाटे वर गेली, तिथल्या कॅफेतून बिल्ला घेतला. उतरताना मात्र तो खिशातून बाहेर काढायचा तिला धीर होईना.

"बंद आहे रे किल्ला," खाली येऊन ती म्हणाली. "डागडुजी चाललीय. कुणालाच वर सोडत नाहीत."

ओटमारने तिच्याकडे निरखून पाहिलं. "मग हनुवटीला केकची साखर कुठून लागली?"

रेनाटेचा हात हनुवटीकडे गेला.

"पूस ती," तिच्या खांद्याचा आधार घेत तो उठला. "घरी कुणी विचारलं तर बंदच होता म्हणायचं. उघडला की येऊ."

पुढे कुणीही विचारलं, की अजून बंदच आहे, असं दोघंही सांगत राहिले. ओटमार पुढच्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या सोमवारी वारला.