घर निघालं

"चला रे!" रेमिखिओकाकांनी आरोळी ठोकली. अकरा बैलजोड्यांनी एकदम माना खाली घातल्या, दोर ताणले, आणि एदुविनाच्या आईचं घर जागचं हललं.

तावदानं थरथरली. छपरावरचं एक लाकडी कौल घसरून खाली पडलं. शंभरेक माणसं एकदम ओरडली, कुणीतरी अकॉर्डियन वाजवायला लागलं. खाली बसवलेल्या दोन लांब ओंडक्यांवर, ओल्या गवतातून घसरत घर चालू लागलं. आणि एदुविना त्याच्यापुढे उलटी चालू लागली, त्याच्याकडे बघत. त्रेपन्न वर्षांची बाई, पण छाती अशी धडधडत होती की तिने ती हाताने दाबून धरली.

आईच्या मागे घर तिचं झालं होतं, आणि समुद्राने किनारा खात आणला होता. घर हलवायलाच हवं होतं. चिलोए बेटावर घर हलवायचं म्हणजे अख्खा गाव बैल घेऊन येतो. मालकिणीने फक्त पोटभर जेवू घालायचं. घर कुठे जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा नवरा आर्तेमिओ याच्या अंगणात, गोठ्याच्या मागे. उन्हाळ्यात पाहुण्यांना राहायला देता येईल. सगळ्यांत पुढची बैलजोडी त्याचीच होती.

"म्हातारे, मधून हो बाजूला!" तो खुशीत ओरडला. "घराखाली येशील!"

"येऊ दे की!" ती म्हणाली, आणि बायका हसल्या.

फाट्यावर रेमिखिओकाकांनी हात वर केला. बैल थांबले. डावी वाट आर्तेमिओच्या अंगणात जात होती. उजवी चढावर, टेकाडावरच्या जमिनीच्या त्या तुकड्यावर, जो बापाने तिच्या नावे ठेवला होता. गेला महिनाभर ती तिथली काटेरी झुडपं उपटत होती. बटाटे लावायचेत, असं सगळ्यांना सांगत होती. स्वतःलासुद्धा.

"डावीकडे," आर्तेमिओ म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ज्याचं घर, त्यालाच विचारायची रीत. "पोरी, कुठे?"

एदुविनाने घराकडे पाहिलं. भर वाटेत ते उभं होतं, पडदे अजून हलत होते.

"उजवीकडे," ती म्हणाली.

"डावीकडे म्हणायचंय तिला."

"उजवीकडे. वर."

"वर काय आहे? वारा आणि गवत."

"मी असेन."

अकॉर्डियन थांबलं. नणंद एस्तेरने कपाळाला हात लावला. "बाई गं! तीन पोरं झाली, नातू झाला, आणि आता वेगळी चूल?"

"हो, आताच. एकतीस वर्षं सासूबाईंच्या चुलीवर रांधलं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून ती सासूबाईंचीच चूल आहे."

आर्तेमिओ जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मी काय केलं तुला? कधी हात उचलला? पिऊन आलो?"

"नाही रे. तू चांगला आहेस." हे ती मनापासून म्हणाली. "गेल्या मार्चात धाकटी शिकायला गेली ना, त्या दिवशी दुपारी मी एकटी टेबलाशी बसले. स्वतःपुरतं काहीतरी करावं म्हटलं, तर मला काय आवडतं तेच आठवेना. तुम्हा सगळ्यांचं तेवढं तोंडपाठ."

"म्हणजे मला सोडून चाललीस."

"समोरच्या टेकाडावर चाललेय. कधीही ये. फक्त येताना हाक मार."

तो मागे वळला. वाकून त्याने आपल्या जोडीची साखळी सोडली आणि बैल बाजूला घेतले. माणसं जमिनीकडे बघायला लागली. दहा जोड्यांनी तो चढ होणार नव्हता, हे पोरासोरांनाही कळत होतं.

मग एस्तेरनेच घागरा कमरेला खोचला. "बघत काय बसलात? धरा दोर! माझं नाही तर नाही, निदान कुणा बाईचं घर तिच्या मनासारखं जाताना तरी बघू दे मला!"

बायकांनी दोर धरले. एदुविनाने सगळ्यांत पुढचा धरला. घर चढू लागलं, कुरकुरत, डुलत. अर्ध्यावर ते थांबलं. मग हातभर मागे घसरलं. कुणीतरी किंचाळलं, दोघातिघांनी ओंडक्यांखाली धोंडे सारले.

मागून साखळीचा आवाज आला. आर्तेमिओ बैल घेऊन चढत होता.

"तुझ्यासाठी नाही," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "हे खाली आलं तर थेट माझ्या गोठ्यात शिरेल."

"कशासाठी का असेना," ती म्हणाली. "ओढ!"

माथ्यावर पोचले तेव्हा माणसं गवतात आडवी झाली. एदुविनाचे तळहात सोलले होते आणि तिला हसू आवरत नव्हतं. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, ते बाजूला करायचंही तिला सुचत नव्हतं.

"आता दार कुणीकडे करायचं, पोरी?" काकांनी विचारलं. "एकदा टेकवलं की टेकवलं."

"खाली, माझ्या घराकडे," आर्तेमिओ तोंड पुसत म्हणाला. "दुसरं कुठे?"

"रस्त्याकडे कर," एस्तेर म्हणाली. "कोण येतंजातं ते तरी दिसेल."

"थांबा जरा," एदुविना म्हणाली. "मला बघू द्या."

ती घराभोवती फिरली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला सफरचंदाची झाडं, एका बाजूला गावातली धुराडी. प्रत्येक ठिकाणी थांबली, डोळे बारीक करून बघितलं, दोन पावलं मागे सरून पुन्हा बघितलं. शंभर माणसं आणि बावीस बैल तिच्याकडे बघत होते.

"लवकर सांग गं," आर्तेमिओ म्हणाला. "लोकांना भूक लागलीय."

"लागू दे," एदुविना म्हणाली, आणि आणखी एक फेरी मारायला निघाली.