पाणी पाहून

मोनालीने दोन्ही बाटल्या आईपुढे ठेवल्या. निळ्या झाकणाची सुरूवाडीची, पांढऱ्या झाकणाची खडप्याची. कोकणातली ही दोन शेजारची गावं, मधे फक्त एक खाडी. तिथलं पाणी दर्यापूरजवळच्या या घरात आलं ते आईच्या, माणिकबाईच्या हट्टापायी. "दोन्ही गावच्या हिरीचं पानी आन. चाखल्याबिगर मी हो म्हनत नाई," असं तिने फोनवर ठणकावलं होतं.

मोनाली काही लग्न करून चालली नव्हती. समुद्राच्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं कसं राहायचं, हे शिकवायची नोकरी तिला लागली होती, आणि बोलावणं दोन्ही गावांतून होतं. पण खारपाणपट्ट्यातलं माणूस, पोरगी कशाला का जाईना, आधी पाणी पाहतं. समुद्र कधी बघितला नाही तरी इथली विहीर खारीच. प्यायचं पाणी नळाला चार दिवसांआड येतं, ते माठात भरायचं आणि उन्हाळ्यात वासासाठी त्यात वाळ्याच्या मुळ्यांची जुडी सोडायची, असा माणिकबाईचा नेम.

"आता सांग," वामनराव बाजेवरून म्हणाले. "दोन गावांत फरक काय हाये?"

"सुरूवाडीत सारंच हाये बाबा. दवाखाना, एसटी, राहाले पक्की खोली. पन लाट बसकी. समोर डोंगराचं नाक आडवं येते, त्यानं लाट उभी राह्याच्या आतच पसरते. लहान लेकरं शिकवाले बरी."

"अन् खडप्यात?"

मोनाली सावरून बसली. "खडप्यात सकायी वारा जमिनीकडून येते. लाट लांबून येते, एकसारखी, अन् मंग एका बाजूनं सावकाश फुटत जाते." तिने हाताने हवेत ती लाट काढून दाखवली. "एकदा उभं राह्यलं का थेट रेतीपर्यंत."

"दवाखाना?"

"दूर हाये."

"एसटी?"

"दिवसातून एक येते."

"म्हनजे निस्ती लाटच हाये म्हना! लाट काय भाजून खाशील काय व?" वामनराव स्वतःच हसले आणि मग हसायचे थांबले. "मी काई बोलत नाई. तुई माय सांगन तसं. खडप्याचं पानी खारं निघालं तं सुरूवाडीले जाजो."

मोनालीला सुरूवाडीला जायचं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

माणिकबाईने निळं झाकण उघडलं. एक घोट तोंडात घोळवला, गिळला. गोड पाणी. तिने मान हलवली.

मग पांढरं.

घोट जिभेवर पडला आणि ती थबकली. पाणी गोडच होतं, त्यात वाद नव्हता. पण त्याला वाळ्याचा वास होता.

कोकणातल्या विहिरीत वाळा कोण सोडतं?

तिने पोरीकडे पाहिलं. मोनाली पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती, कान लाल झालेले. एवढी शिकलेली पोरगी, पण लबाडी करायची ती घरच्या माठातून!

माणिकबाईला आधी राग आला, चांगला मस्तकात गेला. या गावात तिला असंच आणलं होतं. पाहायला पाहुणे येणार म्हटलं की खारपाणातली माणसं लांबून गोड पाणी आणून ठेवतात आणि आमच्याच विहिरीचं म्हणून पुढे करतात. तिच्या बापाने या घरात बसून दोन गिलास रिचवले आणि मिशा पुसत होकार दिला. लग्नानंतर पहिल्या सकाळी विहिरीचं पाणी तोंडात घेतलं तेव्हा तिला कळलं, आणि कळून काय उपयोग होता? तिला फसवून आणलं होतं. ही मात्र आपल्या पायाने, स्वतःच घरच्यांना फसवून निघाली होती. राग उतरला तो इथे.

"कसं लागलं व?" वामनरावांनी विचारलं. "आन बरं, मी बी पाहातो."

त्यांनी हात पुढे केला. माणिकबाईने बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा सगळी संपवली.

"अवं बाप्पा! मायासाठी काई ठेवतं का नाई?"

"गोड हाये," पदराने तोंड पुसत ती म्हणाली. "जाऊ द्या तिले खडप्याले."

वामनरावांना थोडं नवल वाटलं, पण पाण्याच्या बाबतीत या घरात शेवटचा शब्द तिचाच. ते उठून बसचं विचारायला चौकात गेले.

मोनाली तिथेच बसून राहिली. "आई..." ती म्हणाली.

माणिकबाईने माठावरचं झाकण काढलं, हात घालून वाळ्याची ओली जुडी बाहेर काढली आणि निथळू दिली. एका फडक्यात बांधून ती मोनालीच्या बॅगेत, कपड्यांच्या वर ठेवली.

"तिथच्या माठात टाकजो," ती म्हणाली. "खारं तं खारंच राह्यते. पन पेल्या जाते."