अर्ध्या दाढीची पैज

पैज लागली ती डुलकीशेठच्या डोक्यावर. म्हणजे खरोखरच डोक्यावर. तो सलूनच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून घोरत होता आणि मंडळी त्याच्या टाळक्यावरनं हात पुढे करून एकमेकांना टाळ्या देत होती.

शेजारचा कुलूपवाला म्हणाला, हा माणूस एक अख्खी दाढी जागेपणी करून घेईल त्या दिवशी मी मिशी उतरवीन. मिशी साधीसुधी नव्हती. तेल पाजून, दोन्ही टोकांना पीळ देऊन वाढवलेली. घरात माझ्यापेक्षा तिचीच बडदास्त जास्त, असं त्याची बायको सांगायची. सलूनवाल्यानं लगेच डुलकीशेठची बाजू घेतली. हरलो तर वर्षभर तुझी दाढी फुकट, म्हणाला. इस्त्रीवाला साक्षीदार झाला, कारण त्याला दोन्हीकडून करमणूक होती.

पुढच्या रविवारी डुलकीशेठ आला, खुर्चीत बसला आणि झोपला नाही.

नुसता जागा नव्हता, टक्क जागा होता. डोळे आरशात रोवलेले. कुलूपवाल्यानं सगळे डाव टाकून पाहिले. पंखा त्याच्याकडे वळवला, रेडिओ बारीक केला, शेवटी स्वतःच्या भसाड्या आवाजात अंगाईसुद्धा म्हटली. इस्त्रीवाला म्हणाला, निरोप घे बाबा मिशीचा.

उजवा गाल झाला. डाव्या गालावर वस्तरा टेकवला आणि सलूनवाल्याचा हात थांबला. गाल थरथरत होता. पंखा तोंडावर असून मानेवरनं घाम वाहत होता. चादरीखाली गुडघे एकमेकांवर आपटत होते.

"शेठ, बरं नाही का?"

"बरा आहे. तुम्ही करा. मी जागा आहे."

सलूनवाल्यानं वस्तरा मिटून ठेवला. मग खोदून खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. डुलकीशेठ गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. मध्येच जीव घाबरा व्हायचा, छाती धडधडायची, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी घबराट गेली, पण पेंग यायला लागली. पेंगत यंत्रावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून साहेबांनी त्याला मागच्या खोलीत बसवला. तिथे तो खोक्यांना चिठ्ठ्या डकवतो. दिवसभर खोकी आणि तो. आणि पैज लागली त्या दिवसापासनं त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या. एकदम. कुणाला न विचारता. तेव्हापासनं धड झोप नव्हती.

"अहो, पण कशासाठी?"

"डोळे मिटले होते, पण कानावर आलं," डुलकीशेठ सलूनवाल्याला म्हणाला. "तुम्ही माझ्यावर पैज लावली होती ना. म्हटलं, आपल्या बाजूचा माणूस हरायला नको."

इस्त्रीवाला उठला आणि समोरच्या मेडिकलवाल्या ताईला बोलवायला गेला. कुलूपवाल्याला गप्प बसणं जमत नाही, म्हणून त्यानं आपला इलाज काढला. घरी बाटली आहे, दोन घोट घेतले की थरथर जागच्या जागी थांबते. शिवाय सर्दीची गोळी आहे, तिनं मस्त झोप लागते.

"पाजा की," ताई दारातनंच म्हणाली. "म्हणजे परत उठायचा त्रास नको त्यांना."

मग तिनं डुलकीशेठला गोळीचं नाव विचारलं आणि सगळ्यांना सुनावलं. ह्या गोळीच्या जोडीला दारू किंवा झोप आणणारं दुसरं औषध पोटात गेलं, तर श्वास मंदावतो. आणि ही गोळी अशी तोडायची नसते. डॉक्टर थोडी थोडी कमी करत सोडवतात, एकदम बंद केली तर फिटसुद्धा येते. आता घाबरून, राहिलेल्या सगळ्या गोळ्या एका दमात गिळायच्या, तेही नाही. तिनं डुलकीशेठकडनं नंबर घेऊन डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या, एकटं सोडू नका.

"घरचं कोण आहे?" ताईनं विचारलं.

डुलकीशेठ चादरीवरचे केस झटकत बसला.

"मी जातो," कुलूपवाला म्हणाला. "रिक्षा बोलवा. आणि ती पैज रद्द. औषध सोडून जागायचं म्हणजे लबाडी आहे."

"रद्द?" डुलकीशेठनं विचारलं. आवाज चढवून नाही. एका गालावरचा फेस सुकत चालला होता आणि तो आरशातनं एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "म्हणजे सलूनवाले जिंकले नाहीत?"

कुलूपवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग मिशीला एकदा पीळ दिला.

"दाढी किती झाली? अर्धी. मग मिशीपण अर्धीच. एक केस वर मिळणार नाही."

रिक्षा येईपर्यंत त्यानं स्टूल उचलून बाहेर फूटपाथवर टाकलं. हरलेली पैज आत लपून फेडायची नसते, म्हणाला. सलूनवाल्यानं वस्तरा चालवला. इस्त्रीवाल्यानं आरोळी ठोकून गल्ली गोळा केली. ताईची गिऱ्हाइकं दुकान सोडून आली. कुलूपवाल्याची बायको ओल्या हातांनी गॅलरीत आली आणि हसता हसता कठड्याला धरून खालीच बसली.

रिक्षा आली. एक अर्ध्या दाढीचा, एक अर्ध्या मिशीचा, असे दोघं मागे बसले. यातला पेशंट कोण, असं रिक्षावाल्यानं विचारून घेतलं.

रिक्षा हलली तशी गल्लीनं शिट्ट्या मारल्या, हात हलवले, पोरं थोडी मागे धावली. कुलूपवाल्यानं मान खाली घालून रुमाल तोंडाला लावला. डुलकीशेठ बाहेर वाकून मागे बघत होता. ही सगळी माणसं आपल्याला निरोप द्यायला आली, असं त्याला वाटलं असावं. त्यानंही थरथरता हात बाहेर काढला आणि गल्ली दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिला.