लाल चिठ्ठीचे पिंजरे

सगळ्यात जास्त औषध खाल्लेले उंदीर सगळ्यात जास्त जगले होते. गिरधरने आकडे पुन्हा मांडून पाहिले. तरी तेच.

कपाशीवरच्या नव्या औषधाने अंगात गाठी होतात का, हे नशिराबाद रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेत दोन वर्षं उंदरांवर तपासत होते आणि आकडेमोड गिरधरच्या गळ्यात होती. त्या कामाने त्याला पार पिळून काढलं होतं. लवकर मेलेला उंदीर गाठ व्हायच्या वयाला पोचतच नाही. त्याला निरोगी धरलं तर विषसुद्धा निर्दोष सुटतं. हा चकवा त्याला चांगला ठाऊक होता, पण इथे लवकर कोणी मेलंच नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, पंडितसाहेबांनी, तर पेढेही मागवले होते. आता फक्त गिरधरची सही बाकी होती.

सही करण्याआधी तो उंदरांच्या खोलीत डोकावला. उंदरांना खाणं घालणारी यशोदाबाई लाल चिठ्ठीच्या, म्हणजे सगळ्यात जास्त औषधाच्या पिंजऱ्यांपुढे उकिडवी बसली होती. आपल्या डब्यातली भाकरी मोडून ती जाळीतून आत सारत होती.

“अक्का, हे काय?”

ती दचकली. “ह्या लाल चिठ्ठीवाला काही खातसच नही, भाऊ. हुंगतस नि तोंड फिराई लेतस. मंग काय उपाशी मारू त्यासले?”

“आणि औषधाचं खाणं?”

“फेकी देस. नही त साहेब वरडतस.”

“कधीपासून?”

“पहिलापाईन.”

गिरधर स्टुलावर बसला. दोन वर्षं पाण्यात गेली होती. राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. सांगावं तर बाईची नोकरी जाणार आणि सगळं मुळापासून करावं लागणार. गप्प बसावं तर ते औषध शेताशेतात जाणार.

तो ओरडला नाही म्हणून तिला जरा धीर आला. “रिपोर्ट चांगला उना ना, भाऊ?”

“आला. तुमच्या भाकरीमुळे आला, अक्का. औषध यांच्या पोटात गेलंच नाही.”

तिने जाळीकडे नेलेला हात मागे घेतला. तुकडा हातातच राहिला.

“मना पोऱ्या लोटन हाईच औषध फवारस,” ती म्हणाली. “पारोळाकडे, कंपनीना चाचणीना वावरमा.”

गिरधर स्टुलावरून उठला.

“फवारीसन घर उना का जेवतच नही. भाकर हुंगस नि...”

हातातला तुकडा तिने डब्यात परत टाकला आणि झाकण लावलं.

“साहेबले सांगी द्या, भाऊ.”

उंदीर जाळीला नाक लावून वाट बघत होता.