व्याहीबुवा, आधी तुम्ही

व्याह्यांसमोर मुलाच्या बापाने मान ताठ ठेवावी, हा नियम सूर्य पूर्वेला उगवतो त्याच तोडीचा आहे. पैसे पाठवण्या-घेण्याच्या त्या दुकानात मात्र काचेतलं बोलायचं भोक पोटाच्या उंचीवर होतं. बोलायचं तर कमरेत वाकावं लागे.

पाणीखात्यातून निवृत्त झालेले मुलाचे वडील दुकानात शिरले आणि बाकावर व्याही बसलेले पाहून जागीच थबकले. व्याह्यांचं चष्म्यांचं दुकान, तेही भर बाजारात. ते सोडून हा माणूस इथे कशाला? व्याहीही दचकले. हातातला झेरॉक्सचा कागद त्यांनी घाईघाईने घडी घालून खिशात सारला.

“अरे वा, व्याहीबुवा! इकडे कुठे?”

“सहज. ऊन फार, म्हटलं जरा पंख्याखाली टेकावं. आपण?”

“आमचं नेहमीचंच. चिरंजीवांचे आलेत, ते घ्यायला.”

हे इतक्या सफाईने बोलून झालं की वडिलांना स्वतःलाच क्षणभर खरं वाटलं. चिरंजीव परदेशात उंच इमारतींना काचा बसवत. मंदीत मालकाचे पैसे संपले, इमारत अर्धी उघडी राहिली आणि पगार थांबला. तेव्हापासून वडीलच पेन्शनमधले काढून ‘त्याचे आले’ म्हणत सुनेच्या हातावर ठेवत होते. आता त्याच्या खोलीचं भाडं थकलं होतं. आज पोचलं नाही तर सामान रस्त्यावर. “अर्धे तुम्ही बघा बाबा, अर्ध्यांची सोय मी करतो,” असं तो फोनवर म्हणाला होता. “आणि सासऱ्यांना कळू देऊ नका.”

“मग घ्या ना उरकून,” व्याही म्हणाले.

“छे छे, व्याहीबुवा, आधी तुम्ही.”

“मी तर नुसता बसलोय.”

“मग मीही बसतो. घाई कुणाला आहे?”

दोघे बसले. तिसरं गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवरच्या जाहिरातीत एक कुटुंब नोटा हातात धरून भरपूर हसत होतं. त्यांना तेवढ्याचेच पैसे मिळाले असावेत.

“जावईबापूंचं बरं चाललंय ना?”

“उत्तम! परवाच म्हणत होता, कामातून मान वर करायला फुरसत नाही.”

“हो, हो. कानावर आलंय.”

लग्नात मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात वडील म्हणाले होते, “आम्हाला तुमच्याकडून छदामही नको. आमच्याकडे पाठवणारा आहे.” व्याह्यांनी तेव्हा हात जोडले होते. वडिलांना आत्ता ते हातच तेवढे दिसत होते.

काचेमागच्या मुलीने माइक तोंडाशी ओढला. “निळ्या शर्टातले काका, जेवायची सुट्टी होईल. घ्यायचेत की पाठवायचेत?”

वडील उठले, वाकले आणि भोकात काहीतरी पुटपुटले.

“मोठ्याने बोला. ऐकू येत नाही.”

“पाठवायचेत.”

मागे बाक करकरलं. वडिलांनी वळून पाहिलं नाही. मान खाली होतीच, ती तशीच ठेवणं सोयीचं पडलं. त्यांनी मुलाचं नाव आणि देश सांगितला. मुलीने कळफलक बडवला आणि थांबली.

“या नावावर आत्ताच एक नोंद चालू आहे. ते बाकावरचे काका पाठवतायत. झेरॉक्स आणायला गेले होते. आणली का हो काका?”

व्याही चोरी पकडल्यासारखे काचेपाशी आले.

“जावईबापूंचा फोन होता,” ते म्हणाले. “म्हणाले, बाबांना सांगू नका, त्यांना लागेल.”

“लागायचंय काय त्यात,” वडील म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“आमच्या मुलीला मात्र यातलं काही ठाऊक नाही हं. तिला वाटतं, तिकडून अगदी वेळेवर येतात.”

“हो. वेळेवर देतो मी... येतात.”

व्याह्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि चटकन चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

“एकाच माणसाला जाणार, तर एकत्रच पाठवा ना,” मुलगी म्हणाली. “दोनदा कमिशन कशाला? फक्त पाठवणाऱ्याचं नाव एकच बसतं. कुणाचं घालू?”

“वडिलांचं घाल, बाळ,” व्याही म्हणाले, आणि खिशातलं पुडकं काढून त्यांनी वडिलांच्या हातात दिलं. मांडवातलं ते वाक्य दोघांनाही आठवलं. दोघांनीही जाहिरातीकडे पाहिलं.

“कारण?”

“खोलीचं...” वडील अडखळले.

“‘कुटुंबाचा निर्वाह’ लिहिते. तिकडून आले तरी तेच, इकडून गेले तरी तेच.”

पावती निघाली. मुलीने डबा उघडला आणि काचेला पडदा ओढला.

बाहेर पायरीवर वडिलांच्या मुठीत वाचलेल्या कमिशनचे पैसे होते. एवढ्यापुरता तरी देणारा हात आपला असावा, म्हणून त्यांनी त्यातले अर्धे पुढे केले. व्याही ‘राहू द्या’ म्हणणार याची त्यांना खात्री होती. सोयरीक जुळल्यापासून या माणसाने दुसरं काही म्हटलंच नव्हतं. वडिलांनी आग्रहाची दोन वाक्यंसुद्धा तयार ठेवली.

व्याह्यांनी पैसे घेतले, मोजले आणि खिशात टाकले.